गाय पाय का आपटते?

2022 साली लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले; निफाड-सिन्नरच्या गोठ्यांतही धास्ती होती. लम्पीचा विषाणू चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. चावरी माशी दिसते घरमाशीसारखीच, पण तिची सोंड पुढे रोखलेली असते. ती बहुधा पायांना डसते, म्हणून गाय सारखी पाय आपटते. नर-मादी दोघेही रक्त पितात. अंडी मात्र शेण-मूत मिसळलेल्या कुजक्या वैरणीत असतात आणि उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. त्यामुळे नुसत्या फवारणीवर पैसे घालवणे मला पटत नाही. गव्हाणीखालची ओली घाण आठवड्यातून दोनदा तरी उपसा. गोचिडाची मादी भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते; त्या फटी आधी बुजवा.