भरलेली शहाणी, रिकामी अवखळ

मध्यरात्र उलटल्यावर माळशेज घाटातून कल्याणकडे उतरणाऱ्या वाहनांत पिकअप गाड्या हटकून दिसतात. हौद्यात ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, जुन्नर तालुक्यातली मेथी-कोथिंबीर. वर ताडपत्री आणि तिच्यावर आवळलेल्या दोऱ्या. उजाडायच्या आत कल्याणची बाजार समिती गाठायची, कारण डोंबिवली, उल्हासनगर, ठाण्याच्या हातगाड्या त्यानंतरच भरतात. टोकावडे, सरळगाव, मुरबाड मागे टाकत येणारा हा रस्ता म्हणजे कल्याणहून तेलंगणातल्या निर्मळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१. माल घाटावरून कल्याणला उतरणं इथे नवं नाही. शेजारच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात बैलांचे तांडे हेच करत होते. वर खडकातला रांजण अजून आहे; जकात त्यात पडायची असं सांगतात. आताच्या तांड्यात प्रामुख्याने महिंद्राची बोलेरो पिकअप असते. २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, शहरातल्या गल्लीबोळांत राज्य करते. घाटात मात्र चालक मोठी गाडी मागतात.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. इंजिन पुढे, आणि ताकद लांब शाफ्टवरून मागच्या चाकांना. पावसाळ्यातल्या घाटात गाडी कशी वागणार हे या मांडणीवर ठरतं.

अमेरिकेत पिकअप हा हौसेचाही प्रकार आहे. डॉज कंपनीने २००४ च्या सुमारास रॅम एसआरटी-१० नावाची पिकअप काढली होती. तिच्यात वायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन, ५०० हॉर्सपॉवर, २२ इंची चाकं आणि जोर फक्त मागच्या चाकांना. कोरड्या रस्त्यावर विमानासारखी सुटणारी ही गाडी बर्फावर मालकाला घाम फोडणार, यात नवल नाही. आपली बोलेरो पिकअप २५२३ सीसीच्या डिझेल इंजिनातून जेमतेम ७० ते ८० हॉर्सपॉवर काढते आणि मॉडेलनुसार दीड-दोन टनांपर्यंत माल वाहते. माझं मत विचाराल तर ‘परफॉर्मन्स’ हा शब्द दुसरीला जास्त शोभतो. पण निसरड्या रस्त्यावर दोघींचं दुखणं एकच आहे: रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं आणि जोर मागे लागतो. हलक्या चाकावर जोर टाकला की ते रस्ता पकडायच्या ऐवजी जागीच फिरतं. म्हणून थंड देशांत हिवाळा लागला की लोक हौद्यात, नेमक्या मागच्या आसावर, वाळूच्या गोणी टाकतात.

आपल्याकडे बर्फ नाही, जून आहे. पहिल्या एक-दोन सरींत रस्ता सर्वांत वाईट असतो. उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, टायरचा झिजलेला रबर आणि धूळ यांचा पाण्याबरोबर चिकट लेप होतो, आणि मुसळधार पावसाने तो धुऊन जाईपर्यंत डांबर साबण लावल्यागत असतं. शहरात शिरलं की जुने, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला पाऊस आणि खड्डे दोन्ही एकदम भेटतात. वर माळशेजला धुकं, रस्त्यावर पडणारे धबधबे, दरडीबरोबर आलेली लाल माती.

इथेच या धंद्याची खरी गंमत आहे. माल घाट उतरतो, गाडी रिकामी चढते. म्हणजे ज्या फेरीला वजन हवं, त्या फेरीला हौद्यात प्लास्टिकचे रिकामे क्रेट असतात.

चढाला मागच्या चाकांवर थोडा भार आपोआप येतो, त्यामुळे सरळ चढ रिकामी गाडीही निभावते. घात होतो तो वळणावर. तीव्र वळणात आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि हा जोर ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मापाने ठरतो. आतलं चाक गरगर फिरायला लागलं की बाहेरच्या चांगल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी जागेवर रुतल्यासारखी होते. नवखा चालक अशा वेळी ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. जुना चालक पाय उचलतो, दुसऱ्या गियरमध्ये हाफ क्लचवर हळू उठवतो, आणि मुळात वळणाच्या आधी वेग असा ठेवतो की मध्ये थांबायची पाळीच येऊ नये.

मागचा भाग घसरलाच तर ज्या बाजूला तो जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग द्यायचं आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, करायची वेळ आली की पाय ब्रेकवर जातो. रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी होते. म्हणून अनेक पिकअपमध्ये हौद्यातल्या भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो मागच्या आसाला जोडलेल्या दांडीवर चालतो. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बदलले की या दांडीचा हिशोब चुकतो.

आणि पाटे बदलतातच. जास्त माल बसावा म्हणून मागच्या कमानीत जादा पाटा टाकून घेणं हा सर्रास चालणारा उद्योग आहे. भरल्यावर गाडी खाली बसत नाही म्हणून मालक खूश. पण रिकामी असताना तीच गाडी खड्ड्यावरून उडते, आणि उडालेलं चाक ना ओढतं ना थांबवतं. उलट अतोनात भरली तर पुढचा भाग उचलल्यासारखा होतो, स्टिअरिंग हलकं लागतं. चालकाला ते सुखाचं वाटतं. ओल्या रस्त्यावर त्याचा अर्थ पुढच्या चाकांची पकड गेली एवढाच आहे.

भरलेल्या गाडीची मागची चाकं रस्त्याला चिकटून असतात, मात्र घाट उतरताना तिची कसोटी ब्रेकमध्ये लागते. ज्या गियरमध्ये चढवली असती त्याच गियरमध्ये उतरवायची, हा नियम जुना आणि बरोबर आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही आहेत. कॉमन रेल इंजिन गियरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच करतं, त्यामुळे या युक्तीत वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा आधार मात्र जातो. इंजिनच बंद केलं तर दोन-चार दाबांत ब्रेक दगडासारखा होतो. गियर उतरवायचा तोही अलगद: इंजिनाचा आवर फक्त मागच्या चाकांवर येत असल्याने निसरड्यावर एकदम गियर पाडला तर रिकामी गाडी हँडब्रेक ओढल्यासारखी फिरते. पाण्यातून गाडी काढल्यावर मागचे ड्रम ब्रेक काही अंतर नीट लागत नाहीत. पेडल हलकेच दाबत नेऊन ते सुकवावे लागतात.

टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसाळ्यासाठी तेवढी पुरत नाही, पाणी बाजूला सारायला खाचच उरत नाही. तरीही नवे टायर पुढे आणि गोटा झालेले मागे अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी दिसते. जोर जिथे लागतो, घसरगुंडी जिथून सुरू होते, तिथेच नेमके सर्वांत वाईट टायर! याला काटकसर म्हणवत नाही. हौद्यात वजन हवं म्हणून लग्नाची वरात किंवा मजूर उभे करणं हा तर गुन्हाच आहे. माणसांचा भार उंचावर असतो आणि वळणावर नको त्या बाजूला सरकतो.

पावसाळ्यात सुट्टीला माळशेजला जाणाऱ्या ठाणे-कल्याणकरांना म्हणून एक विनंती. धबधब्याखाली, वळणाच्या तोंडाशी गाडी लावू नका. मागून रिकामे क्रेट घेऊन चढणाऱ्या पिकअपला तुमच्यामुळे तिथे थांबावं लागलं, तर ती पुन्हा उठणं कठीण असतं, आणि उठताना ती मागे येऊ शकते.