वळणावरचा गुडघा

कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी बोनस रेषेपलीकडे पाय टाकते. कोपरारक्षक अंगावर येताना दिसते, म्हणून ती झटकन मध्यरेषेकडे वळते. अजून तिला कुणी धरलेलंही नसतं. तरी गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि ती मॅटवर बसते. बाहेरून सल्ला येतो, “लचकलाय, चोळून द्या.”

नेमकं तेच करायचं नसतं. असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर मांडी आणि नडगीच्या हाडांना आतून बांधून ठेवणारी लिगामेंट, खेळाडूंच्या भाषेत ‘एसीएल’, तुटल्याची शक्यता मोठी असते. बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा आणि मालीशवाल्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

कबड्डीत धोका दुहेरी आहे. पकडीत घोटा अडकतो, अंग मात्र पुढे ओढलं जातं आणि मधला गुडघा पिळला जातो. पण पकड नसतानाही हीच इजा होते. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये साधारण सत्तर टक्के एसीएल इजा धक्क्याविना, वळताना किंवा उडीवरून उतरताना होतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींच्या लॅक्रॉस या मैदानी खेळात अंगाला अंग भिडवायला मनाई आहे. तरीही तिथे घोटा आणि गुडघ्याच्या दुखापती नेहमीच्याच आहेत.

अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा दोन ते आठ पट असल्याचं वेगवेगळे अभ्यास सांगतात. शरीराची ठेवण हे एक कारण. दुसरं कारण बदलता येण्याजोगं आहे: उडीनंतर पाय ताठ ठेवून उतरायची आणि गुडघे आत वळवायची सवय. मांडीच्या मागच्या स्नायूंत ताकद कमी असली की जास्त भार त्या लिगामेंटवर येतो.

ठाण्यातल्या कोलशेतसारख्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत कबड्डी अंगणातच कानावर पडते. गावाभोवती टॉवर उभे राहिले, तरी ती ओढ टिकून आहे. मातीवर वळताना पाय थोडा सरकतो आणि ताण निसटतो. कॉलेजच्या संघात गेल्यावर मॅट येते, बूट येतात. बूट मॅटला घट्ट धरतो आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. मातीतून मॅटवर येण्याचे पहिले महिने म्हणूनच सांभाळायचे.

उपाय खर्चिक नाही. नॉर्वेतल्या किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवरचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस मिनिटांच्या ठरावीक वॉर्मअपने त्यांच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. त्यात हळू धावणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघे वाकवत अलगद उतरणं असे साधे व्यायाम होते. मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट चढाईला उतरणं म्हणजे वॉर्मअप नव्हे.

शस्त्रक्रिया झालीच, तर घाई करू नये. नऊ महिन्यांआधी परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याची भीती बरीच जास्त असते. जिल्हा स्पर्धा दर वर्षी येते. आपल्या कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरल्या, 2012 च्या पहिल्या महिला विश्वचषकात विजेत्या भारतीय संघात खेळल्या आणि 2015 चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

प्रशिक्षकांच्या वहीत चढाया आणि पकडी नोंदल्या जातात. त्याच पानावर आणखी एक रकाना आखावा: उडीवरून उतरताना हिचे गुडघे कुठे वळतात?