सड्यावरची माती म्हशीच्या पोटात

मिरगानंतर आजरा तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, गवत जेमतेम बोटभर येतं. म्हैस ते बुडापासून ओढते, त्याबरोबर जांभ्याची तांबडी मातीही पोटात जाते. लँथेनम, सिरियम, निओडिमियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं थोड्याफार प्रमाणात बहुतेक मातीत असतातच. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळपास तांब्याइतकं आहे.

यात घाबरण्यासारखं काही नाही. आतड्यात ही मूलद्रव्यं फॉस्फेटशी बांधली जातात आणि विरघळत नाहीत. एक टक्क्याहूनही कमी अंश रक्तात उतरतो, बाकी सगळं शेणावाटे बाहेर. पशुपोषणाचे अभ्यासक या गुणाचा छान उपयोग करून घेतात. वैरणीला यटर्बियम हे याच गटातलं मूलद्रव्य लावून जनावराला खाऊ घालायचं, मग वेळोवेळी शेण तपासायचं. चारा पोटातून किती वेगाने सरकला ते कळतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना लँथेनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात, त्याही याच तत्त्वावर: अन्नातलं जादा फॉस्फेट बांधून बाहेर काढायचं.

रक्तात उतरलेलं मुख्यतः यकृतात आणि हाडांत साठतं. हलकी मूलद्रव्यं यकृताकडे वळतात आणि तिथून पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतात. जड मूलद्रव्यांचा ओढा हाडांकडे. तिथे ती वर्षानुवर्षे टिकतात.

खरी काळजी धुळीची. श्वासातून गेलेले न विरघळणारे कण फुप्फुसांत मुक्काम ठोकतात. कार्बन आर्क दिव्यांच्या सिरियमयुक्त धुरात काम केलेल्या सिनेमा-प्रोजेक्टर चालकांच्या फुप्फुसांत काम सुटल्यावर कित्येक वर्षांनीही सिरियम सापडलं आहे.