मुष्टियोद्ध्याचा संसार आणि मंदीचें चित्र

आजच्या भाषणाचा विषय मुष्टियुद्धावरील एक चित्रपट आहे. परंतु त्यांतील ठोसाठोशीविषयीं मी फार थोडें बोलणार आहें. १९२९ सालीं अमेरिकेंत सुरू झालेली मंदी पाहतां पाहतां साऱ्या जगावर पसरली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, हें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतों. पण मंदी म्हणजे पांच माणसांच्या घरांत नेमकें काय होतें, हें त्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तें रॉन हॉवर्ड या दिग्दर्शकाच्या ‘सिंड्रेला मॅन’ या २००५ सालच्या चित्रपटांत पाहावयास मिळतें.

या चित्रपटाचा नायक कल्पित नाहीं. जेम्स ब्रॅडॉक हा न्यू जर्सीचा मुष्टियोद्धा. १९२९ च्या जुलैमध्यें जगज्जेतेपदाच्या लढतींत तो टॉमी लॉफ्रनकडून हरला. त्यानंतर मंदी आली, उजवा हात मोडला, लढती मिळेनाशा झाल्या, आणि बायको व तीन मुलें पोसण्यासाठीं तो गोदीच्या दारांत हमालीसाठीं उभा राहूं लागला. रोज सकाळीं मुकादमानें मोजकीं माणसें निवडावयाचीं आणि उरलेल्यांनीं घरीं परतावयाचें, असा तेथील प्रकार. मोडक्या हाताचें प्लॅस्टर मुकादमाला दिसूं नये म्हणून त्याची बायको त्यावर बुटाचें काळें पॉलिश चढविते. हा प्रसंग क्षणभराचा आहे. पण त्या घरची सारी स्थिति त्यांत आली आहे.

चित्रपटाचें खरें बळ स्वयंपाकघरांत आहे. तेथें दुधांत पाणी घातलें जातें. लहान मुलगी आणखी मागते, तेव्हां बाप आपल्या बशींतला मांसाचा तुकडा तिला देतो आणि आपण रात्रीं स्वप्नांत मेजवानी जेवलों, पोट भरलेलें आहे, असें सांगतो. आपल्याकडे ‘मला आज भूक नाहीं’ हें वाक्य कित्येक आयांनीं याच अर्थानें उच्चारलें आहे. शिक्षकाला तें मुलांच्याही तोंडून ऐकूं येतें. मधल्या सुट्टींत जो मुलगा डबा आणावयास विसरलों म्हणतो, तो आठवड्यांत तीनदां कसा विसरतो, हें वर्गांत सर्वांस ठाऊक असतें आणि कोणी बोलत नाहीं.

थोरला मुलगा एके दिवशीं खाटकाच्या दुकानांतून मांस चोरून आणतो. बाप त्याला मारीत नाहीं. दुकानांत नेऊन तें परत करावयास लावतो. वाटेंत मुलगा कारण सांगतो. त्याच्या एका सोबत्याला घरीं अन्न पुरेना म्हणून नातलगाकडे धाडलें आहे, आणि आपल्यावरही तीच पाळी येईल ही त्याला भीति आहे. ‘तुम्हांला मी कोठेंही धाडणार नाहीं’ असें वचन बाप देतो. पुढें हिवाळ्यांत पैसे न भरल्यामुळें घरची वीज तोडली जाते, मुलगा आजारी पडतो, आणि बाप कामावर असतांना आई मुलांना नातलगांकडे पोंचवून येते. माझ्या मतें चित्रपटाचा कळस येथेंच आहे. दोघांपैकीं कोणाचेंही चुकलेलें नाहीं, तरी मुलाला दिलेलें वचन मोडलेलें आहे! तें राखण्यासाठीं ब्रॅडॉक सरकारी मदतीच्या रांगेंत उभा राहतो, आणि तेवढ्यानें भागत नाहीं म्हणून, ज्यांच्यासाठीं पूर्वीं लढला त्या सामने भरविणाऱ्या धनिकांपुढें हातांत टोपी घेऊन पैसे मागतो.

या रांगेची लाज आमच्या वडगांव निंबाळकरच्या पिढीला समजावून सांगावी लागत नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याच्या या पट्ट्यांत पाणी आहे. कालव्याच्या वरच्या अंगाचीं रानें मात्र जिरायत. १९७२ च्या दुष्काळांत त्या बाजूचीं जमीनवालीं माणसें खडी फोडावयास आलेलीं मीं लहानपणीं पाहिलीं आहेत. घरंदाज बाया डोईवरचा पदर पुढें ओढून बसत आणि ओळखीचें कोणी दिसल्यास मान वर करीत नसत. पुढें १९७७ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणें हा हक्क ठरला. ब्रॅडॉकनें हातांत पैसा येतांच मदतीची सारी रक्कम सरकारास परत केली, ही गोष्ट खरी आहे आणि तिचें कौतुकही झालें. परंतु ज्यांना परत करणें जमलें नाहीं, त्यांची अब्रू कमी होती असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां एक दोष. मंदीला तोंड नसतें. तिला ठोसा मारतां येत नाहीं. चित्रपटाला तर प्रतिस्पर्धी हवा असतो. म्हणून १३ जून १९३५ रोजीं ब्रॅडॉकनें ज्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरविलें, त्या मॅक्स बेअरला चित्रपटानें क्रूर आणि उन्मत्त रंगविलें आहे. बेअरशीं झालेल्या लढतीनंतर १९३० सालीं फ्रँकी कॅम्बेल मरण पावला हें खरें. पण त्या मृत्यूचें शल्य बेअरला जन्मभर टोंचत राहिलें. माणसाची अशी बदनामी करण्याची गरज नव्हती.

आपल्याकडील दारिद्र्याच्या चित्रपटाला असें तोंड आयतेंच मिळालें होतें. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम. सावकाराच्या कागदापायीं शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरांत गिरणीकामगार होतो. पेंटरांनीं १९३६ सालीं त्याचाच बोलपट केला, तेव्हां मध्यें मंदी येऊन गेली होती.

आपल्या मंदीची रीत अमेरिकेहून वेगळी होती. तेथें मजुरी गेली. येथें शेतमालाचा भाव गेला. १९२९ नंतर दोनतीन वर्षांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. शेतसारा आणि व्याज मात्र पूर्वींच्याच रुपयांत द्यावयाचें होतें. म्हणजे कर्ज न काढतांही कर्ज दुप्पट झालें. त्यांत १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें पौंडाचें सोन्याशीं असलेलें नातें तोडलें. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून येथें सोन्याचा भाव चढला आणि घरोघरचे दागिने बाहेर पडले. तें सोनें वितळून जहाजांनीं परदेशीं गेलें. सरकारी आंकड्यांत त्याला निर्यात म्हणतात. गुळाचे भाव पडलेल्या ऊसवाल्यांना १९३२ सालीं साखरेस संरक्षण मिळाल्यावर कांहींसा आधार सांपडला. माळीनगर, वालचंदनगर येथील कारखाने त्याच दशकांतले.

माझ्या आजीच्या पाटल्या त्या सोन्यांत गेल्या. सारा भरावयाचा होता आणि गुळाची पट्टी पुरत नव्हती. ती त्यांविषयीं कधीं बोलत नसे. फक्त कोणाच्या लग्नांत पाटल्या दिसल्या, कीं वजन किती, एवढें विचारीत असे.