राजीनाम्याआधीचा हिशेब
पोळीभाजी केंद्रासाठी नोकरी सोडणारे भांडवल मोजतात. नोकरीबरोबर काय जाणार, ते मोजायचं राहतं. सलग 5 वर्षं भरण्याआधी भविष्य निर्वाह निधी काढला तर सहसा कर लागतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीलाही साधारण तेवढीच वर्षं लागतात, म्हणून चार महिने कमी पडत असतील तर थांबावं. कंपनीचा आरोग्यविमा सुटतो; नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांना प्रतीक्षाकाळ असतो, तेव्हा ती आधीच घ्यावी. गृहकर्जही पगारपत्रक हातात असतानाच. पुढे बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. उद्यम नोंदणी मोफत आहे (एजंटला पैसे कशाला?). खरी ओढाताण उधारीची: डब्यांचे पैसे महिनाअखेरीस येतात, भाजीवाल्याला मात्र रोज सकाळी रोख द्यावे लागतात.