निवड चाचणीपुरती रग्बी

भारतातली रग्बी एका मोडलेल्या क्लबापासून सुरू होते. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे गोरे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे एकत्र. खेळ रंगला आणि जानेवारी 1873 मध्ये रीतसर क्लबच निघाला. पण पाचएक वर्षांत त्याचा गाशा गुंडाळला गेला. खेळणाऱ्या पलटणी बदलून गेल्या, उरलेल्यांना पोलो आणि टेनिसची गोडी लागली. क्लबातली फुकट दारू बंद झाली तेव्हाच सभासद पांगले, असंही सांगतात. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ती आटवली आणि तिचा चषक घडवला. त्याला मुठी तीन नागांच्या, झाकणावर हत्ती. तो कलकत्ता कप 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. खेळणारी माणसं टिकली नाहीत की क्लब संपतो आणि मागे चषक तेवढा उरतो, हे आपण तेव्हाच पाहिलं.

हा इतिहास नांदेड-लातूरच्या संदर्भात आठवण्याचं कारण आहे. आपल्याकडे रग्बी पोचली ती क्लबाच्या वाटेनं नव्हे, शाळेच्या वाटेनं. पोचली हे चांगलंच झालं. ती टिकणार कशी, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

जिमखान्यापासून जिल्ह्यापर्यंत

कलकत्त्याचा तो क्लब गेला तरी मोठ्या शहरांतल्या जिमखान्यांनी खेळ धरून ठेवला. 1875 चा बॉम्बे जिमखाना हे त्यातलं पश्चिमेकडचं मुख्य ठाणं. 1924 पासून अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. गोरे गेल्यावर या खेळाला हात दिला तो लष्करानं, महाविद्यालयीन तरुणांनी आणि जुन्या क्लबांच्या सभासदांनी. पुढे दिल्ली हरिकेन्ससारखे नवे क्लब उभे राहिले. कोलकात्यात जंगल क्रोजनं वस्त्यांतल्या मुलांना मैदानावर आणलं. तरीही बराच काळ रग्बी म्हणजे मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि पुण्याच्या लष्करी छावण्या असंच समीकरण होतं.

भारतीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 1998 मध्ये. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. तोच पुढे राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. खरा फरक पडला तो ऑलिंपिकमुळे. 1924 नंतर बाहेर पडलेली रग्बी 2016 मध्ये रिओला परतली, सात जणांच्या सेव्हन्स प्रकारात. पंधरा जणांच्या खेळाला ऐंशी मिनिटं लागतात, सेव्हन्सला सात-सात मिनिटांचे दोन डाव पुरतात. एका दिवसात सगळी स्पर्धा उरकता येते, संघ उभा करायला दहा-बारा मुलं पुरतात. शालेय क्रीडा स्पर्धांच्या चौकटीत हा प्रकार चपखल बसला. 2022 ची गुजरात आणि 2023 ची गोवा, या दोन्ही राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सेव्हन्स होतं.

राज्याच्या क्रीडा खात्याच्या आठ विभागांत लातूर हा एक विभाग आणि नांदेड त्यातच. शालेय स्पर्धांची उतरंड सर्वांच्या परिचयाची आहे: आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. खेळाडूला ग्रेस गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षणाचा दरवाजा असतो. मराठवाड्यातल्या पालकाला हे पटकन पटतं आणि त्यात गैर काही नाही. पोरगं पळतंय, धडधाकट आहे, तर प्रमाणपत्र मिळू दे.

अडचण पुढची आहे. स्पर्धेची तारीख जाहीर होते, क्रीडाशिक्षक कबड्डीतली चार, अ‍ॅथलेटिक्समधली तीन, कुस्तीतली दोन-तीन पोरं उचलतात, महिनाभर सराव होतो, स्पर्धा होते आणि चेंडू कपाटात जातो. जिल्ह्याचा संघ निवड चाचणीतून एका दिवसात उभा राहतो. क्लब तसा उभा राहत नाही.

पकडायचं आणि सोडायचं

या भागातल्या पोरांना रग्बी जमेल का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यानं लातूरच्या तालमींचा इतिहास चाळावा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड आजही गर्दी खेचतो. कबड्डीचा संघ नसलेलं गाव शोधावं लागेल. पटात घुसणं, कमरेला कवळा घालणं, पडताना अंग सावरणं हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही.

पण नेमकी इथेच गोम आहे. कुस्तीत हाताला लागलेला माणूस सोडायचा नसतो. कबड्डीत चढाईपटू पकडला की शिट्टी वाजेपर्यंत साखळी सुटत नाही. रग्बीत मात्र समोरच्याला पाडलं की पाडणाऱ्यानं त्याला लगेच सोडायचं, पडलेल्यानं चेंडू सोडायचा आणि खेळ तसाच चालू राहायचा. त्या अर्ध्या क्षणात दोन्ही बाजूंची माणसं चेंडूवर येऊन एकमेकांना रेटतात. नवखा पैलवान इथे हमखास पकड आवळून धरतो आणि पंचाची शिट्टी खातो. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. पकड खांद्याच्या खालीच हवी, पाडताना आपलं डोकं योग्य बाजूला हवं. हे नीट घोटवून घेतलं नाही तर मानेला, मेंदूला इजा होते. ही शिकवण महिनाभराची नाही. ती तीन-चार हंगामांची आहे आणि मोठ्या, मुरलेल्या खेळाडूंसोबत खेळूनच येते. शाळेच्या संघात मुरलेला खेळाडू म्हणजे फार तर अकरावी-बारावीचा.

आणि अकरावी-बारावी म्हणजे लातूरमध्ये काय, हे वाचकाला सांगायला नको. ज्या शहराचं नाव शिकवणीच्या पॅटर्नमुळे राज्यभर झालं, तिथे सोळाव्या वर्षी मैदान सुटतं. ‘नीट’ परीक्षा आटोपली की मुलं पुण्या-मुंबईला जातात. कलकत्त्याच्या पलटणी बदलून गेल्या तशीच ही गळती.

मैदानाचं काय?

दुसरी अडचण जमिनीची. रग्बीत प्रत्येक मिनिटाला कोणीतरी पडतं, त्यामुळे खाली हिरवळ हवी. आपली काळी माती पावसाळ्यात बुटांना किलोकिलोनं चिकटते आणि फेब्रुवारीनंतर भेगाळून दगडासारखी होते. हिरवळीला बारमाही पाणी लागतं. आणि हे तेच लातूर, जिथे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. अशा गावात मैदान शिंपण्याचा आग्रह धरणं शोभत नाही. त्यावर दोन तोडगे आहेत. हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर ठेवायचा. आणि बाकीचे महिने अंगाला हात न लावता, नुसत्या स्पर्शानं खेळायची टच रग्बी किंवा तालमीतल्या लाल मातीत पकडीचा सराव. तालमीचा हौदा पडण्याचा धडा गिरवायला उत्तम असतो.

इतरांनी काय केलं

जॉर्जिया हा छोटा देश. कुस्तीचं वेड आणि गावागावांत लेलो नावाचा रेटारेटीचा जुना चेंडूखेळ. या जोरावर तिथले क्लब वाढले. 2003 मध्ये ते पहिल्यांदा विश्वचषकात उतरले आणि 2022 मध्ये त्यांनी इटलीला घरी आणि वेल्सला थेट कार्डिफमध्ये हरवलं. जपाननं कंपन्यांचे संघ उभे केले. दिवसा कारखान्यात नोकरी, संध्याकाळी सराव. 2015 मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 34-32 असं हरवलं, त्यामागे ही दीर्घ तयारी होती. शेजारच्या श्रीलंकेत कँडीचा क्लब 1874 पासून चालू आहे आणि शाळेतून निघालेल्या मुलाला क्लबाची किंवा पोलीस-लष्कराच्या संघाची जागा मिळते.

आपल्याच देशात ओडिशानं भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतल्या आदिवासी मुला-मुलींच्या बळावर दबदबा निर्माण केला. बिहारनं पदकविजेत्यांना थेट नोकऱ्या दिल्या आणि बाढसारख्या गावातून स्वीटी कुमारी पुढे आली. आपल्या राज्यातून पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कर्णधार झाली. 2019 मध्ये भारतीय महिलांनी सिंगापूरला हरवून पंधरा जणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली आणि चेन्नई बुल्स जिंकले. टीव्हीवर खेळ दिसला, हे मोलाचं. मात्र लीगमधला परदेशी तारा नायगाव किंवा औशाच्या पोराला दर रविवारी पाडायला येणार नाही. त्यासाठी गावातच पंचवीस माणसं लागतात.

मंडळ काढा

असं मंडळ आपल्याला अपरिचित आहे असंही नाही. नांदेडमध्ये दुष्टदमन क्रीडा युवक मंडळ गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा अनेक दशकं भरवत आलं आहे. देशभरातले संघ इथे येतात. हॉकीसाठी जे गुरुद्वाऱ्याच्या शहराला जमलं, ते रग्बीसाठी अशक्य नाही.

काय लागेल? दोन-चार चेंडू, पकडीच्या सरावाच्या गाद्या, लोखंडी पाइपाचे दोन एच आकाराचे गोलखांब, प्रथमोपचार जाणणारा एक माणूस. याहून महत्त्वाची ती न बदलणारी माणसं: पोलीस भरती झालेले, शिक्षक, एसटीचे कर्मचारी, शेती करणारे, दुकान सांभाळणारे, ज्यांना पंचविशीनंतरही गाव सोडायचं नाही असे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतली महाविद्यालयं आणि हे स्थानिक खेळाडू मिळून लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली अशी चार संघांची साखळी दर हंगामात सहज खेळता येईल. मुलींसाठी तर ती आधी सुरू करावी, कारण देशाला यश आज त्याच देत आहेत.

प्रमाणपत्रानं एक खेळाडू घडतो की नाही, यावर वाद होईल. क्लबाशिवाय खेळ घडत नाही, यावर होऊ नये. शाळेच्या संघातून बाहेर पडलेली जी मुलं आज विशी-पंचविशीत आपल्या गावातच आहेत, त्यांना एकत्र बोलवा, रविवारची वेळ ठरवा आणि मंडळाची नोंदणी करून टाका. सरकारी योजनेची वाट त्यानंतर पाहता येईल.