खुंटीवरचा पट्टा

फाटक वाजलं तरी कुणी भुंकत नाही. पट्टा मात्र खुंटीवर तसाच. लाडका कुत्रा गेलेल्या घरात ‘आता पुन्हा नको’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

रतन टाटाही दर वेळी तसंच ठरवत. हा विरह पुन्हा सोसायचा नाही, असा निश्चय होई. पण दोन-तीन वर्षांत घर इतकं सुनं वाटू लागे की नवा सोबती येई, असं त्यांनीच सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या देखभालीची सोय मृत्युपत्रात केल्याच्या बातम्या आल्या.

आपल्यामागे जनावराची सोय काय, हा प्रश्न घरोघरी विचारायला हवा. कुत्रा साधारण १० ते १३ वर्षं जगतो, घरातलं मांजर १५ वर्षंही सहज ओलांडतं. सत्तरीतल्या जोडप्याला धडपड्या पिल्लापेक्षा वयाने मोठं, शांत जनावर झेपतं. काही प्राणिसंस्था थोड्या दिवसांसाठी सांभाळायलाही देतात. मन तयार आहे का, ते त्यात कळतं.

कधी घाई धोक्याचीही ठरते. आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल, तर तो विषाणू घरा-अंगणात कित्येक महिने टिकतो. साध्या फिनाइलवर विसंबून चालत नाही. ब्लीचने सफाई करावी आणि नव्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण झाल्यावरच त्याला घरी आणावं.

घरात दुसरं जनावर असेल, तर त्याच्याकडेही बघावं. सोबती गेल्यावर तेही जेवण टाकतं, दाराशी बसून राहतं.